औषध दिलं की उतरतो, चार तासांनी पुन्हा चढतो: लहान मुलाचा हटून बसलेला ताप

तक्रार बहुतेक घरांत ह्याच शब्दांत येते. औषध दिलं की ताप उतरतो, मूल जरा खेळतं, आणि चार-पाच तासांनी अंग पुन्हा फणफणतं. दोन दिवस असं झालं की घरातल्यांचा औषधावरचा विश्वास उडतो. मग कुणी डोस वाढवतं, कुणी बाटली बदलतं, कुणी पट्ट्या ठेवत रात्र काढतं.

आमची मुलगी अडीच वर्षांची असताना हे पाच दिवस चाललं. त्या पाच दिवसांत माझ्याकडून दोन मोठ्या चुका झाल्या आणि दोन्ही टाळता आल्या असत्या. त्या कुठे झाल्या ते पुढे त्या-त्या जागी लिहिलं आहे. मी डॉक्टर नाही. नंतर बालरोगतज्ज्ञांकडे बसून जे समजून घेतलं आणि पुढच्या प्रत्येक तापात जे वापरलं, तेच इथे मांडते आहे.

घरी थांबायचं की निघायचं, हे सगळ्यात आधी

बाळ तीन महिन्यांपेक्षा लहान असेल आणि ताप १००.४ फॅरनहाइट म्हणजे ३८ सेल्सियस किंवा त्याहून जास्त असेल, तर पुढचं वाचत बसू नका. औषध देऊन वाट बघायची नाही, मध्यरात्र असली तरी निघायचं. एवढ्या लहान बाळात गंभीर जंतुसंसर्ग असला तरी ताप हे एकच लक्षण दिसू शकतं. तीन ते सहा महिन्यांच्या बाळाचा ताप १०२ च्या वर गेला, तर त्यालाही त्याच दिवशी दाखवा.

त्याहून मोठ्या मुलात थर्मामीटरपेक्षा मूल जास्त सांगतं. हाक मारली, हलवलं तरी नीट जागं होत नाही. सारखं कण्हतं आणि कडेवर घेतलं तरी शांत होत नाही. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडतो. ओठ निळसर दिसतात, मान ताठ वाटते, पोटात घोटभरही टिकत नाही, आठ तासांत शू झालेली नाही. अंगावर लाल-जांभळे ठिपके आलेत आणि त्यांवर काचेचा ग्लास दाबून धरला तरी ते फिके होत नाहीत. ह्यातलं एक जरी दिसलं तरी ताप ९९ आहे की १०४, ह्याला अर्थ उरत नाही. निघा.

श्वास मोजायला शिकून ठेवा, ते अवघड नाही. मूल शांत किंवा झोपलेलं असताना अंगावरचा कपडा वर करून पूर्ण एक मिनिट पोटाची वर-खाली हालचाल मोजायची. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, लहान मुलांचा श्वास एकसारखा चालत नाही. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळात मिनिटाला ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा जास्त, हा जलद श्वास. तापात श्वास थोडा वाढतोच, पण ह्या आकड्यांना पोचला तर न्यूमोनिया नाही ना, हे डॉक्टरांनी तपासलेलं बरं.

मोजलेला ताप खरा आहे का?

हात लावून ताप आहे एवढं कळतं, किती आहे ते कळत नाही. साधा डिजिटल थर्मामीटर घ्या. काख कोरडी पुसा, टोक काखेच्या मधोमध टेकवा, मुलाचा हात त्याच्या छातीशी धरून ठेवा आणि आवाज येईपर्यंत सोडू नका. काखेतला आकडा आतल्या खऱ्या तापमानापेक्षा साधारण अर्धा अंश सेल्सियस, म्हणजे जवळपास एक फॅरनहाइट कमी येतो. मनाने त्यात एक मिळवत बसू नका. डॉक्टरांना सांगताना "काखेत १०२" एवढं सांगा, पुढचा हिशेब त्यांना येतो. कपाळावर रोखून धरायचं यंत्र घामाने किंवा गार वाऱ्याने फसतं. घरात दोन यंत्रं असतील तर एकच निवडा, नाहीतर सकाळी एकाने आणि संध्याकाळी दुसऱ्याने मोजून ताप वाढल्याचा भास होतो. पाऱ्याचा जुना थर्मामीटर मुलांजवळ वापरूच नका.

"रात्र झाली की ताप चढतो" ही जी सार्वत्रिक तक्रार असते तिच्यामागे एक साधं कारण आहे. निरोगी शरीराचं तापमानही पहाटे सगळ्यात कमी आणि संध्याकाळकडे सगळ्यात जास्त असतं. कार्ल वुंडरलिख ह्या जर्मन डॉक्टरांनी १८६८ मध्ये सुमारे २५ हजार रुग्णांच्या नोंदींवरून ३७ सेल्सियस हा सरासरी आकडा मांडला, तेव्हा ही रोजची चढ-उतारही त्या नोंदींत होती. त्यामुळे सकाळी ९९ दिसलं म्हणून ताप गेला असं धरू नका आणि रात्री १०२ झालं म्हणून आजार बिघडला असंही नाही. काल रात्रीशी आजची रात्र ताडून बघा, आज सकाळशी नको.

डोस वजनावर ठरतो, आणि वजन बदलत असतं

इथे माझी पहिली चूक झाली. मुलगी आठ महिन्यांची, सात किलोची असताना डॉक्टरांनी पॅरासिटामॉलचं सिरप ४ मिली लिहून दिलं होतं. ती चिठ्ठी मी कपाटाला चिकटवून ठेवली होती. अडीच वर्षांची, बारा किलोची झाल्यावरही मी तेच ४ मिली देत होते. पहिले दोन दिवस ताप उतरून उतरून अर्धा अंश उतरायचा, आणि मी दोष बाटलीला देत होते.

हिशेब असा आहे. पॅरासिटामॉल एका वेळी मुलाच्या दर किलो वजनामागे १० ते १५ मिलीग्रॅम. दोन डोसांत किमान चार तास, शक्यतो सहा तासांचं अंतर. चोवीस तासांत चारपेक्षा जास्त डोस देऊ नका. माझ्या बाटलीवर ५ मिलीत १२० मिलीग्रॅम लिहिलं होतं, म्हणजे ४ मिलीत ९६ मिलीग्रॅम. सात किलोच्या बाळाला ते बरोबर होतं. बारा किलोच्या मुलीला लागत होते १२० ते १८० मिलीग्रॅम. मी किलोमागे जेमतेम ८ देत होते.

ह्याच्या उलट होणारी चूक जास्त घातक आहे. पॅरासिटामॉलचे थेंब आणि सिरप ह्यांची ताकद सारखी नसते. थेंबांच्या बाटलीत बऱ्याचदा १ मिलीतच १०० मिलीग्रॅम असतात. सिरपमध्ये ५ मिलीत १२० चं एक आणि ५ मिलीत २५० चं दुसरं, असे प्रकार मिळतात. बारा किलोच्या मुलाला १८० मिलीग्रॅम द्यायचे तर १२० च्या सिरपचे ७.५ मिली होतात. २५० च्या सिरपचे साधारण ३.५ मिली होतात आणि थेंबांचे १.८ मिली. आता समजा "आम्ही साडेसात मिली देतो" हे डोक्यात बसलेलं आहे आणि हातात थेंबांची बाटली आली, तर एका वेळी ७५० मिलीग्रॅम पोटात जातील, चौपटीहूनही जास्त. जास्त झालेलं पॅरासिटामॉल यकृतावर घाव घालतं आणि पहिला दिवस मूल वरून ठीकठाक दिसू शकतं. म्हणून डोस चुकून जास्त गेल्याची शंका जरी आली तरी लक्षणांची वाट न बघता बाटली बरोबर घेऊन रुग्णालयात जा.

तेव्हा चिठ्ठीवर नुसते मिली लिहून ठेवू नका. तारीख, त्या दिवशीचं वजन, मिलीग्रॅम, कोणत्या ताकदीची बाटली आणि मग मिली, एवढं सगळं लिहा. मोजायला बाटलीबरोबर आलेलं माप किंवा सुईशिवायची सिरिंज वापरा. घरातला चमचा म्हणजे अंदाजच असतो. आणि मुलाचा पक्का डोस तुमच्या डॉक्टरांकडून एकदा तपासून घ्या, विशेषतः मुलाला यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर.

आणखी एक जागा जिथे डोस नकळत दुप्पट होतो, ती म्हणजे सर्दीचं मिश्र औषध. त्यातल्या अनेकांत पॅरासिटामॉल आधीच असतं. तापाचं एक आणि सर्दीचं एक अशा दोन बाटल्या शेजारी ठेवल्या असतील तर दोन्हींवरची घटकांची यादी वाचा.

आयब्युप्रोफेन ह्या तापाच्या दुसऱ्या औषधाबद्दल थोडक्यात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला नाही. उलट्या-जुलाबांनी पाणी कमी झालेल्या मुलाला नाही. कांजिण्यांत नाही. डेंग्यूची शंका असेल तिथे तर अजिबात नाही, रक्तस्रावाचा धोका वाढतो. दोन औषधं आलटून-पालटून देण्याचा प्रकार मी डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय करत नाही, कारण अर्धवट झोपेत कुठलं कधी दिलं हे विसरायला एक रात्र पुरते. ॲस्पिरिन लहान मुलांना तापात द्यायचं नाही. रे सिंड्रोम नावाचा दुर्मीळ पण मेंदूवर आणि यकृतावर आघात करणारा आजार त्याच्याशी जोडलेला आहे.

औषध देऊन पंधरा-वीस मिनिटांत मुलाने सगळं ओकून टाकलं तर पुन्हा द्यायचं का, हे डॉक्टरांना फोन करून विचारा. तासाभराने ओकलं तर पुन्हा देऊ नका, पुढच्या वेळेपर्यंत थांबा.

डोस बरोबर आहे, तरी ताप परत येतो

तिसऱ्या दिवशी डोस सुधारला. ताप १०३.५ वरून १०१ वर आला, मुलगी उठून बसली, आणि पाच तासांनी पुन्हा १०३. मला वाटलं, अजूनही काही चुकतंय. पण ह्या भागात काहीच चुकत नव्हतं.

मेंदूतल्या हायपोथॅलॅमस नावाच्या भागात शरीराचं तापमान ठरवलेलं असतं. संसर्ग झाला की शरीरच प्रोस्टाग्लँडिन हे रसायन वापरून ती पातळी वर सरकवतं. मग ३७ अंशांवर असलेल्या शरीराला आपण गार आहोत असं वाटतं, हुडहुडी भरते, हातपाय थंडगार पडतात आणि पोट-पाठ तापते. ताप चढण्याचा टप्पा तो. पॅरासिटामॉल ती पातळी काही तासांपुरती खाली आणतं, तेव्हा घाम सुटतो. संसर्गाला ते हातही लावत नाही. संसर्ग आत आहे तोवर औषधाचा असर ओसरला की पातळी पुन्हा वर जाणार. चार-सहा तासांनी ताप परत येणं म्हणजे औषध निकामी असणं नव्हे, औषधाचा अवधीच तेवढा आहे.

अपेक्षाही थोडी बदलावी लागते. असर दिसायला अर्धा ते एक तास लागतो आणि ताप साधारण एक-दीड अंश सेल्सियस, म्हणजे दोन-अडीच फॅरनहाइट उतरतो. १०४ चा १०१.५ झाला तर औषधाने काम केलं. ९८.६ दिसण्यासाठी दुसरा डोस लवकर देऊ नका. औषध मुलाला बरं वाटावं म्हणून आहे, आकड्यासाठी नाही. १०१ असूनही मूल खेळत असेल तर औषध न दिलं तरी चालतं, आणि शांत झोपलेल्या मुलाला तापाच्या औषधासाठी उठवायची गरज नसते.

मात्र एक गोष्ट उलट बाजूने. औषधाने ताप छान उतरला म्हणजे आजार किरकोळच, असंही नाही. जिवाणूंच्या संसर्गातला तापही पॅरासिटामॉलने उतरतो. बघायचं ते हे की ताप उतरलेल्या त्या दोन तासांत मूल कसं आहे. डोळ्याला डोळा देतं का, पाणी मागतं का, हसतं का. ताप १०० वर येऊनही मलूल पडून असेल तर ती गंभीर खूण समजा.

पट्ट्या, पंखा, पांघरूण

गार पाण्याच्या पट्ट्यांनी कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, मूल कुडकुडतं आणि कुडकुडण्याने आतली उष्णता वाढते. बर्फ नको, आणि स्पिरिट तर कधीच नको, ते कातडीतून आणि श्वासातून अंगात जातं. कोमट पाण्याने पुसल्यावर मुलाला बरं वाटत असेल तर पुसा, रडत असेल तर सोडून द्या. सुती सैल एक थर कपडा, खोलीत हवा खेळती. हुडहुडी भरली असेल तेवढा वेळ हलकी चादर, थांबली की काढायची. "घाम फुटू दे" म्हणून जाड पांघरुणात गुंडाळणं मोठ्यांच्या मायेपोटी होतं हे मला माहीत आहे, पण बाळाची उष्णता त्यात कोंडते.

जेवण दोन-तीन दिवस कमी झालं तरी चालेल, पाणी कमी व्हायला नको. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला दूध जास्त वेळा पाजा, वरचं पाणी नको. मोठ्याला जे आवडेल ते पातळ, घोट-घोट, दर दहा मिनिटांनी. जीभ ओली आहे का, रडताना डोळ्यांत पाणी येतं का, टाळू खोल गेलीय का, हे बघत राहा.

वही, आणि माझी दुसरी चूक

आम्ही दुसऱ्या दिवसापासून एका वहीत लिहीत होतो. वेळ, काखेतला ताप, औषध किती, शू कधी, आणि एका रकान्यात बाकी काही. चौथ्या दिवशी सकाळी नवऱ्याने त्या रकान्यात लिहिलं होतं, "शू करताना रडली." पाचव्या दिवशी पुन्हा तेच. नाक वाहत नव्हतं, खोकला नव्हता, घसा लाल नव्हता. आम्ही दोघंही ताप आणि वेळ ह्या दोनच रकान्यांकडे बघत बसलो होतो.

पाचव्या दिवशी डॉक्टरांनी वही हातात घेतली आणि ते ओळ न ओळ वाचत गेले. मग लघवी तपासायला सांगितली. मूत्रमार्गाचा संसर्ग होता. प्रतिजैविक सुरू झाल्यावर दोन दिवसांत ताप गेला.

लहान मुलांत, मुलींत विशेषतः, सर्दी-खोकला काहीच नसताना नुसता ताप असणं हीच मूत्रमार्गाच्या संसर्गाची खूण असू शकते. बोलू न शकणाऱ्या बाळात तर दुसरं काही दिसतही नाही. असा कारणाशिवायचा ताप दुसऱ्या दिवशीही असेल तर दाखवायला जायला हवं होतं. "तीन दिवस बघू, विषाणूचा असेल" हा सल्ला नाक वाहणाऱ्या, खोकणाऱ्या, अधूनमधून खेळणाऱ्या मुलासाठी ठीक आहे. मी तो माझ्या मुलीला लावला, तिथे चुकलं. मूत्रपिंडापर्यंत गेलेला संसर्ग तिथे कायमचा व्रण ठेवू शकतो. आम्ही त्यातून सुटलो.

बाकी दिवसांचा अंदाज असा. विषाणूंचे बहुतेक ताप तीन ते पाच दिवसांत जातात. रोझिओला ह्या विषाणूच्या आजारात तीन-चार दिवस चढा ताप असतो, मग तो एकदम जातो आणि अंगावर गुलाबी पुरळ उठतं. तेव्हा घाबरायचं कारण नसतं. ताप पूर्ण जाऊन एक दिवस बरा गेला आणि पुन्हा चढला, तर कानाचा किंवा छातीचा नवा संसर्ग मागून आलेला असू शकतो, पुन्हा दाखवा.

ताप पाच दिवस झाले आणि डोळे लाल पण चिपडं नाहीत, ओठ लालभडक आणि फुटलेले, अंगावर पुरळ, हातापायांना सूज, मानेला गाठ, ह्यांतलं काही असेल तर डॉक्टरांना कावासाकी आजाराबद्दल स्वतःहून विचारा. तोमिसाकू कावासाकी ह्या जपानी बालरोगतज्ज्ञांनी १९६७ मध्ये तो नोंदवला. त्यात हृदयाच्या रक्तवाहिन्या फुगू शकतात, आणि पहिल्या दहा दिवसांत उपचार झाले तर तो धोका खूप कमी होतो. इथे दिवस मोजणं उपचाराइतकं महत्त्वाचं ठरतं, आणि दिवस मोजायला वही लागते.

डेंग्यू होणाऱ्या भागात राहत असाल तर ताप उतरल्यावर निश्चिंत होऊ नका. त्या आजारातला जोखमीचा काळ तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप उतरतानाच सुरू होतो. ताप गेला पण पोट खूप दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येतंय, मूल गळून गेलंय, असं असेल तर ताबडतोब रुग्णालय.

आकडी आली तर

"ताप मेंदूत जाईल" ही भीती बहुतेक ह्यासाठीच असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी शंभरात दोन ते पाच जणांना तापात आकडी येते. बघणाऱ्याचा जीव जातो, पण साध्या, थोडक्यात थांबणाऱ्या आकडीने मेंदूला इजा होत नाही. मुलाला जमिनीवर कुशीवर वळवा, आजूबाजूचं टणक सामान हलवा, तोंडात चमचा, बोट, पाणी, औषध काहीही घालू नका, हातपाय दाबून धरू नका, आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर रुग्णवाहिका बोलवा. थांबली तरी पहिल्या वेळी त्याच दिवशी दाखवायचंच. तापाचं औषध तासन् तास चुकवलं म्हणून आकडी आली, असं स्वतःला लावून घेऊ नका, वेळेवर औषध दिल्याने ती टळते असं दिसलेलं नाही.

दर महिन्याला ताप येतो, त्याचं काय?

पाळणाघरात किंवा बालवाडीत जायला लागलेल्या मुलाला वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी-ताप होणं नेहमीचं आहे. मधल्या काळात वजन वाढत असेल, मूल खेळत-जेवत असेल तर सहसा काळजीचं नसतं. पण ताप अगदी ठरल्यासारखा दर तीन ते सहा आठवड्यांनी येत असेल, तीन-पाच दिवस राहून आपोआप जात असेल, दर वेळी घसा लाल, तोंडात फोड, मानेला गाठी, आणि आसपास कुणालाच संसर्ग नसेल, तर तो नियतकालिक तापाचा वेगळा प्रकार असू शकतो. दर वेळी प्रतिजैविक देऊन तो थांबत नाही. तो ओळखायला रक्ताच्या एका तपासणीपेक्षा मागच्या सहा महिन्यांतल्या तापाच्या तारखा जास्त उपयोगी पडतात. त्या तारखा आठवून सांगता येत नाहीत. तेव्हा ताप गेला की वही फेकू नका. शेवटच्या पानावर ताप आल्याची आणि गेल्याची तारीख लिहा, आणि पुढच्या वेळी औषध देण्याआधी मुलाचं वजन नव्याने करून पहिल्या पानावरचं जुनं खोडा.